घटक 4 : लोकाभिमुख विज्ञानलेखनाची भाषा – द. रा. कापरेकर यांच्या संख्यांच्या निमित्ताने

4.1 उद्दिष्टे

मित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस,
• लोकाभिमुख विज्ञानलेखनात कृती आणि संज्ञा यांचा क्रम कसा असावा, हे सांगता येईल.
• द. रा. कापरेकर यांनी संख्यांना दिलेल्या नावांची भाषिक घडण स्पष्ट करता येईल.
• विज्ञानलेखनातील रूपकाचे सामर्थ्य व मर्यादा सोदाहरण मांडता येतील.

4.2 प्रास्ताविक

मागील घटकात आपण शास्त्रीय परिभाषेचा विचार केला. परिभाषा जाणकारांमधील व्यवहार नेमका करते. परंतु जाणकार नसलेल्या वाचकाला विषयाची गोडी लावण्याचे काम तिच्याकडून होत नाही. ते काम लोकाभिमुख विज्ञानलेखनाचे आहे. प्रस्तुत घटकात त्याच्या भाषेचा विचार करावयाचा आहे.

नवीन जालन्यातील एका संपर्कसत्रात मी या विषयाला आरंभ केला, तेव्हा मोंढ्यातील अडत दुकानात हिशेब लिहिणारे एक विद्यार्थी म्हणाले, “सर, गणित सुटावं म्हणून तर मराठी घेतलं!” सारा वर्ग हसला. त्याच गृहस्थांना पुढे विचारले, तेव्हा त्यांनी पावकी, निमकी आणि दिडकी न अडखळता म्हणून दाखविली. ज्यांच्या जिभेवर अपूर्णांकांचे पाढे आहेत, त्यांना गणित परके का वाटावे? त्यांना परके वाटते ते गणित नसून, ज्या भाषेत ते त्यांच्यासमोर आले ती भाषा आहे, असे या घटकाचे प्रतिपादन आहे. आपल्यापैकी अनेकांचा अनुभव याहून वेगळा नसेल. म्हणून पुढील विवेचन वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.

4.3 विषय-विवेचन

4.3.1 आधी कृती, मग संज्ञा

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्यातील 1981 हे वर्ष घेऊ. या संख्येतील अंक आधी उतरत्या व मग चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी.

9811 – 1189 = 8622
8622 – 2268 = 6354
6543 – 3456 = 3087
8730 – 0378 = 8352
8532 – 2358 = 6174

आता 6174 वर तीच क्रिया करा : 7641 – 1467 = 6174. संख्या जागची हलत नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेतली, तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत आपण 6174 पाशीच येऊन पोहोचतो. मात्र उत्तर तीन अंकी आले, तर आरंभी शून्य लिहून ते चार अंकी करावे.

हे कसे घडते? पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकातील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्या फरकाची 999 पट आणि दुसऱ्याची 90 पट यांची बेरीज म्हणजेच ते उत्तर. 1981 मध्ये हे फरक अनुक्रमे 8 आणि 7 आहेत; म्हणून 7992 + 630 = 8622. दुसरा फरक पहिल्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे अशा फरकांच्या जोड्या फक्त 54 होतात. सारखे अंक असलेल्या 9 संख्या वगळता उरणाऱ्या 8,991 चार अंकी संख्या पहिल्याच पायरीत या 54 उत्तरांत येऊन मिळतात. त्या 54 संख्या तपासल्या, की सिद्धता पूर्ण होते. दोन-तीन संध्याकाळी निवांत बसले, तर हे काम आपणही हाताने करू शकाल.

आपण आधी वजाबाकी केली, नवल अनुभवले, कारण पाहिले. संख्येचे नाव अजून उच्चारलेलेही नाही. गणितात 6174 या संख्येला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. हीच संज्ञा व तिची व्याख्या पहिल्या ओळीत आली असती, तर कित्येक वाचक तिथेच थांबले असते. अनुभव आधी आला, की संज्ञा ओझे होत नाही. अनुभवाला नाव देण्याची गरज ती भागविते.

4.3.2 नावांची घडण

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) यांचा जन्म डहाणू येथील. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. 1930 ते 1962 या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शाळाशिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नव्हते. 6174 चा गुणधर्म त्यांनी 1949 साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. अनेक व्यावसायिक गणितज्ञांना हे सारे किरकोळ करमणुकीचे वाटे. पुढे मार्टिन गार्डनर यांनी मार्च 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. गार्डनर हेही व्यवसायाने गणितज्ञ नव्हते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एका हौशी अभ्यासकाला जगापुढे आणले ते दुसऱ्या हौशी अभ्यासकाने.

भाषेच्या अभ्यासकाला कापरेकरांनी दिलेली नावे विशेष महत्त्वाची वाटतात. त्यांपैकी तीन पाहू.

(अ) हर्षद संख्या : जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, ती हर्षद संख्या. उदा., 36 मध्ये 3 + 6 = 9 आणि 36 ÷ 9 = 4. ‘हर्ष देणारी ती हर्षद’ असा हा उपपद तत्पुरुष समास असून ‘जलद’, ‘सुखद’ या शब्दांची घडणही अशीच आहे. हे नाव संख्येचा गुणधर्म सांगत नाही. ती पाहणाऱ्याच्या मनात काय होते, ते सांगते. परिभाषेत भावनेला सहसा स्थान नसते. येथे मात्र शोधकाचा आनंदच संज्ञा झाला आहे.

(आ) स्वयंभू संख्या : 15 मध्ये तिचे अंक मिळविले, की 15 + 1 + 5 = 21 येते; म्हणजे 15 ही 21 ची जनक संख्या. 20 ला मात्र असा जनक नाही. जनक नसलेली संख्या ती स्वयंभू. कोणी न घडविलेल्या, आपोआप प्रकटलेल्या देवमूर्तीला आपण स्वयंभू म्हणतो. गावोगावच्या महादेवामुळे परिचित असलेला हा शब्द व्याख्येचे निम्मे काम आधीच करून ठेवतो. याच संख्यांना कापरेकरांनी ‘देवळाली संख्या’ असेही म्हटले. त्यांच्या कर्मभूमीचे नाव असे गणितात गेले.

(इ) डेमलो संख्या : हे नाव एका रेल्वे स्थानकावरून आले आहे. आजचे डोंबिवली ते हेच. या संख्यांची कल्पना कापरेकरांना तेथे सुचली.

एक नाव भावनेवरून, एक लोकश्रद्धेतील शब्दावरून, तर एक स्थळावरून आले आहे. तिन्ही नावांमागे माणूस दिसतो. त्यामुळेच ती परकी वाटत नाहीत.

4.3.3 रूपकाचे सामर्थ्य व मर्यादा

विज्ञानाची आवड सामान्यांपर्यंत नेण्याचा प्रयत्न मराठीत संघटितपणेही झाला. ‘सृष्टिज्ञान’ हे मासिक 1928 साली सुरू झाले आणि मराठी विज्ञान परिषद 1966 साली स्थापन झाली. परिषदेच्या 1974 मधील विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठविली. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने योजली होती. निर्णय लेखकाच्या कीर्तीवर न होता लेखनावर व्हावा, हा हेतू त्यातून दिसतो. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. तिचे नाव ‘कृष्णविवर’.

हा शब्द उच्चारताच चित्र उभे करतो. हे रूपकाचे सामर्थ्य. परंतु ‘विवर’ म्हणजे बीळ किंवा पोकळी. कृष्णविवर मात्र पोकळ नाही; तेथे प्रचंड वस्तुमान इतक्या लहान जागेत एकवटलेले असते, की प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. रूपकाने उभे केलेले चित्र कोठवर खरे आहे, हे चांगला लेखक वाचकाला वेळीच सांगतो. ते न सांगितल्यास रंजन होते, ज्ञान होत नाही. ‘स्वयंभू’ या शब्दालाही ही मर्यादा आहे : 20 या संख्येत दैवी असे काही नाही; बेरजेच्या एका विशिष्ट रीतीने ती मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

स्वयं-अध्ययन प्रश्न

1. 24 ही हर्षद संख्या आहे काय?
2. ‘हर्षद’ या शब्दाचा समास ओळखा.
3. 23 ची जनक संख्या शोधा.

4.4 सारांश

लोकाभिमुख विज्ञानलेखन वाचकाला केवळ माहिती देत नाही; ते त्याला कृतीत सहभागी करून घेते. त्यात अनुभव आधी व संज्ञा नंतर येते. परिचित शब्दाचा आधार घेतला जातो, पण त्याची मर्यादाही सांगितली जाते. कापरेकरांच्या संख्या समजण्यास बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार पुरेसे आहेत. एवढी शिदोरी प्रत्येकाजवळ असते. तेव्हा ‘गणित माझे नव्हे’ असे म्हणण्यापूर्वी ते आपल्याला कोणत्या भाषेत सांगितले गेले, हा प्रश्न मराठीच्या विद्यार्थ्याने अवश्य विचारावा.

4.5 स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

1. होय; 2 + 4 = 6 आणि 24 ÷ 6 = 4.
2. उपपद तत्पुरुष समास.
3. 16; कारण 16 + 1 + 6 = 23.

4.6 स्वाध्याय

1. आपले जन्मवर्ष घेऊन 6174 पर्यंतच्या पायऱ्या लिहा. हीच क्रिया तीन अंकी संख्यांवर केल्यास कोणती संख्या स्थिर राहते?
2. कापरेकरांच्या संख्यानामांची भाषिक घडण सविस्तर स्पष्ट करा.
3. घरातील किंवा शेजारील, गणिताची भीती बाळगणाऱ्या एका व्यक्तीला स्वयंभू संख्या समजावून सांगा. ती कोठे अडखळली व त्या वेळी आपण कोणता शब्द बदलला, याची नोंद 150 शब्दांत करा.