तळघराचं पाणी बाहेरच अडव

बेबी, परवा फोनवर तू म्हणालीस की तळघराच्या भिंतींना आतून वॉटरप्रूफ रंग मारून घ्यायचं ठरलंय. तेवढं थांबव. बाहेरची माती ओली असली की पाणी भिंतीला ढकलत राहतं, आणि आतला रंग तो दाब सोसत नाही. दोन पावसाळ्यांत त्याला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. हेच पैसे भिंतीच्या बाहेर घाला, आणि रोहिण्या लागायच्या आत घाला.

तुला वाटत असेल, आपल्याला कसला पूर? आपला वाशीम जिल्हा तसा माथ्यावरचा. काटेपूर्णा इथून निघून पूर्णेला मिळते, पुढे तापीकडे जाते. पैनगंगेचं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जातं. पुराचं भय रिसोडकडे नदीकाठच्या गावांना, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तळघरात पाणी यायला नदी लागत नाही, बाई. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की महसूल खातं त्याला अतिवृष्टी म्हणतं. तुमचा स्लॅब हजार चौरस फुटांचा धरला, तर तेवढ्या पावसात त्यावरून सहा हजार लिटर पाणी उतरतं. आणि ते उतरतं कुठे? तुमच्या वरच्या पाइपातून नेमकं भिंतीच्या बुडाशी! म्हणून सगळ्यात आधी तो पाइप लांबवून थेट नालीत सोड. या कामाला गवंडीही लागत नाही, प्लंबर एका दिवसात करून देईल.

आता मातीचं सांगते, कारण खरं दुखणं तिथेच आहे. आपली काळी माती कपाशी-सोयाबीनला सोन्यासारखी, पण घराच्या पायाला फार कठीण. पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते. वैशाखात भिंतीलगत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की पाणी त्या भेगांतून सरळ पायापर्यंत उतरतं. पुढे माती फुगून भेगा मिटतात आणि माणूस निश्चिंत होतो. पण श्रावण-भाद्रपदात झड लागली की तीच फुगलेली माती भिंतीला बाहेरून रेटते. तळघराच्या भिंतीला आडवी चीर दिसली तर ती या रेट्याची खूण समज. ती नुसती सिमेंटने बुजवून वर रंग देऊ नकोस. इंजिनिअरला बोलावून दाखव.

भेगांत नुसती माती लोटू नका, ती पावसात पुन्हा फुगणारच. भिंतीलगतची तीनेक फूट रुंद पट्टी खणून काळी माती काढा, तिथे मुरूम भरा, पाणी मारून थर-थर धुमसून घ्या. वर काँक्रीट टाका आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या, तीन फुटांत निदान एक इंच. भिंत आणि काँक्रीट यांच्यामधली फट डांबराने भरायची. गवंडी म्हणेल, कशाला, सिमेंटच पुरे. ऐकू नकोस. माती हलते तसं काँक्रीटही थोडं हलतं, सिमेंट तडकतं, डांबर लवचीक राहतं. उतार खरंच पडलाय का, हे गवंडी जायच्या आत बादलीभर पाणी ओतून बघ. जावईबापूंना हा खर्च जास्त वाटेल. त्यांना म्हणावं, ताईशी बोला.

आणि त्या भिंतीलगतची तुझी फुलझाडं हलव. तिथे रोज पाइपाने पाणी सोडणं म्हणजे बारा महिने पायाला पाणी पाजणं. मोरीचं चेंबर गळतंय का तेही बघ. उन्हाळ्यातही तळघराचा एकच कोपरा ओला राहत असेल तर तो पावसाचा दोष नाही. ओल नक्की कुठली ते ओळखायला प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दुसऱ्या दिवशी बघ. प्लास्टिकच्या मागे थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. तुझ्याकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, तिथे खिडकी उघडी ठेवल्यानेच फरक पडेल.

रस्त्याचं मात्र मनाला फार लागतं. आपल्या गावांत जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा सिमेंट रस्ता चढवतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या उंच जोत्यावर असलेलं घर एका उन्हाळ्यात रस्त्याच्या खाली जातं. तुमच्या गल्लीत काम निघालं तर सुरू व्हायच्या आधीच शेजारच्या बायांना घेऊन नगर परिषदेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काँक्रीट पडल्यावर कोणी ऐकत नाही. तळघराच्या दाराशी मात्र वीतभर उंच पक्का उंबरठा आताच बांधून घ्या. तिथे खाली मोरी असेल तर तिच्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर नाली तुंबली की गटाराचं पाणी उलटं घरात येतं.

बियाण्याचं सोयाबीन तर तळघरात ठेवूच नकोस. ओल लागली की त्याची उगवण जाते, आणि पोतं वरून चांगलं दिसत राहतं. वरच्या खोलीत फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून ठेव. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून बघच. सत्तर तरी उगवले पाहिजेत. सातबारा, पासबुकं, मुलांचे दाखले हेही वरच्या कपाटात ने.

एवढं करूनही एखाद्या रात्री पाणी शिरलं, तर पुढचं नीट ऐक. वरचा मेन स्विच बंद केल्याशिवाय त्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. तळघराच्या बटणांची लाईन वेगळी करून घे आणि बोर्ड छातीच्या उंचीवर घे. डिझेलचं किंवा पेट्रोलचं इंजिन खाली नेऊन कधीच चालवू देऊ नकोस. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस आवाजही न करता पडतो. इंजिन अंगणात, दारा-खिडक्यांपासून लांब ठेवायचं, पाइप तेवढा आत सोडायचा. आणि सगळं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची माती भरलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर भिंत आत येऊ शकते. बाहेरचं ओसरू दे, मग रोज थोडं थोडं काढा. गाळात हात घालण्याआधी काठीने चाळव, अशा दिवसांत साप-विंचू कोरडी जागा शोधत घरात येतात. आवरायच्या आधी फोटो काढ आणि तलाठ्याला पंचनाम्यासाठी कळव.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, चार पोत्यांसाठी तू अंधारात कमरेएवढ्या पाण्यात उतरशील. उतरू नकोस. पोती भिजू देत. दार लावून घे, लेकरांना घेऊन वर जा आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.