दुबईचा लॅपटॉप : स्वस्त की महाग?

रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे नोकरीसाठी दुबईला जातात. सुटीवर येताना घरी वस्तू आणतात. हल्ली कॉलेजात शिकणाऱ्या मुलांसाठी लॅपटॉप मागवतात. लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवता येईल असा छोटा संगणक.

परदेशी वस्तू स्वस्तच असते, असे आपण धरून चालतो. पण ते खरे असतेच असे नाही. एका घरातला हिशोब पाहा.

मुलाचा दुबईहून फोन आला. "बाबा, ताईसाठी लॅपटॉप बघितलाय. १८०० दिरहम. घेऊन टाकू?"

बाबा म्हणाले, "थांब जरा. पेन्सिल घेतो."

दिरहम हे तिकडचे नाणे. समजा, १ दिरहम म्हणजे २५ रुपये. १८०० गुणिले २५ म्हणजे ४५,००० रुपये. तसलाच लॅपटॉप इथल्या दुकानात ४९,००० ला होता. म्हणजे ४,००० वाचले.

बाबांनी विचारले, "आणि बिघडला तर? इथे फुकट दुरुस्त करून देतील का?"

प्रश्न बरोबर होता. नव्या वस्तूची कंपनी ठराविक मुदतीची हमी देते. काही हमी सगळ्या देशांत चालतात. काही फक्त विकत घेतलेल्या देशातच चालतात. इथे हमी चालली नाही आणि दुरुस्तीला समजा ६,००० लागले, तर वाचलेले ४,००० जातील. वर पदरचे २,००० जातील.

मुलाने खोक्यावरचा नमुना क्रमांक कळवला. बाबांनी कंपनीच्या इथल्या दुरुस्ती केंद्रात विचारले. उत्तर आले, "याची हमी इथे चालणार नाही."

बाबा मुलाला म्हणाले, "मग इथलाच घेऊ, बाळा. तू पैसे पाठव."

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

१. दुबईत वस्तूवर ५ टक्के कर असतो. तो पाहुण्या प्रवाशाला परत मिळू शकतो. तिथे राहून नोकरी करणाऱ्याला मिळत नाही.

२. तिकडच्या पिनेचे दात चौकोनी असतात. आपल्या भिंतीतल्या सॉकेटात ते बसत नाहीत. मधे लावायची पिन घ्यावी लागते.

३. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिले आहे का, ते वाचा. आपली वीज २३० व्होल्टची आहे.

४. १८ वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप जकात न भरता आणता येतो. दुसरा आणल्यास जकात लागू शकते.

५. पावती जपून ठेवा. पावतीवाचून हमी मागणे कठीण.

तुम्ही हिशोब करा

दुबईत किंमत १७०० दिरहम. १ दिरहम म्हणजे २५ रुपये. पिनेला ३०० रुपये. इथली किंमत ४८,००० रुपये. हमी इथे चालते. किती वाचतील? तुम्ही कुठला घ्याल?