ख्रिसमस ट्रीवरचे कापसासारखे पुंजके

प्रश्न : नर्सरीतून आणलेल्या ख्रिसमस ट्रीवर कापसासारखे पुंजके दिसतात, घरात मुंग्याही वाढल्या. उपाय काय? (एक वाचक, उचगाव, जि. कोल्हापूर)

उत्तर : कुंडीत मिळणारे हे झाड बहुधा अरोकेरिया असते आणि त्यावरचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. ते फांदीच्या बेचक्यात बसून रस शोषतात व चिकट, गोड स्राव सोडतात. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते. ते माणसाला चावत नाहीत, लाकडी सामानालाही लागत नाहीत. शेजारच्या जास्वंदीवर मात्र पसरतात. कुंडी बाहेर, वेगळी ठेवावी. पुंजके साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने पुसावेत. मग लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे. नवे झाड बेचके तपासूनच घरात घ्यावे.