दुपारचे ऊन रात्रीसाठी राखा

दिवाळी सरली की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे पहाटेचा गारठा चढू लागतो. जानेवारीत निफाडचा पारा ४-५ अंशांपर्यंत उतरलेला आपण अनेकदा पाहिला आहे. नेमकी याच दिवसांत कलिंगड, काकडी, उन्हाळी मिरचीची रोपे तयार करायची असतात. मिरचीच्या बियाला उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. त्याहून फार गार मातीत बी ट्रेमध्ये नुसते पडून राहते, बरेचसे कुजूनही जाते.

यावर आपण पॉलिथीनचा बोगदा करतो. दुपारी आत शिरले की घाम फुटतो, आणि वाटते काम झाले. पण साधा पॉलिथीन कागद वारा अडवतो, उष्णता नाही. निरभ्र रात्री मातीची ऊब त्या कागदातून सरळ आकाशाकडे निघून जाते आणि पहाटे आतला पारा बाहेरच्याइतकाच, कधी त्याहूनही खाली सापडतो. ऊब नुसती कोंडून भागत नाही, ती साठवावी लागते.

लडाखच्या शेतकऱ्यांनी हे करून दाखवले आहे. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत जातो. तिथली हरितगृहे पूर्व-पश्चिम लांब असतात. तीन बाजूंना मातीच्या विटांच्या जाड दुहेरी भिंती, मधल्या पोकळीत पेंढा किंवा भुसा, आणि कागद फक्त दक्षिणेला. भिंत दिवसभर तापते, रात्रभर ती ऊब आत सोडते. संध्याकाळी कागदावर पडदा ओढतात. हीटर नसताना भर हिवाळ्यात पालक आणि कोथिंबीर निघते.

आपल्याला एवढे बांधकाम नको. गोठ्याची किंवा घराची दक्षिणेकडची भिंत मोकळी असेल तर तिला टेकून २० फूट लांब, १० फूट रुंद बांबूचा सांगाडा उभा करा आणि वर यूव्ही प्रक्रिया केलेला २०० मायक्रॉनचा कागद ताणा, बाजूंना त्याच कागदाचे वर-खाली करता येतील असे पडदे लावा. जागा मात्र नीट पारखून घ्या. २२ डिसेंबरला नाशिकला भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशांवरच असतो. दक्षिणेला २० फुटी झाड असेल तर त्याची दुपारची सावलीही जवळपास २० फूट पडते, सकाळची तर कितीतरी लांब.

मग भिंतीलगत २०० लिटरचे सहा ड्रम ओळीने मांडा, काळे रंगवा आणि पाण्याने भरा. कीटकनाशकाचे ड्रम चुकूनही वापरू नका. एका ड्रममधले पाणी रात्रीतून १० अंशांनी निवले तर सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता आत सुटते. म्हणजे एक किलोवॅटचा हीटर सव्वादोन तासांहून अधिक चालल्यासारखे, आणि बिल शून्य. ड्रमांवर फळ्या टाकून बियांचे ट्रे तिथेच ठेवा. पहाटे ड्रमाच्या अंगाला हात लावून बघा, बाहेरच्या लोखंडी पाइपाला लावा, फरक लगेच कळेल.

वेळ पाळणे सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या वर्षी मी दिवस मावळताना पडदे पाडत असे. तोवर दुपारची कमाई निघून गेलेली असायची. पडदे चारच्या सुमारास, ऊन आत असतानाच पाडा, आणि अंधार पडण्याआधी कागदावर गोणपाट किंवा जुनी ताडपत्री अंथरा. सकाळी ऊन आले की ती काढा. साडेनऊ-दहाला पडदे थोडे वर घ्या, कारण कागदाच्या आतून टपकणारे थेंब रोपांना घातक असतात. रोप मातीलगत पिळल्यासारखे बारीक होऊन आडवे पडले, तर ती मर आहे. तेवढा ट्रे लगेच बाहेर काढा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी नको.

थंडीत कोथिंबीर-मेथीसाठी ही जागा अडवू नका. त्या दिवसांत ती उघड्यावरही झकास येते आणि बाजारात भावही पडलेले असतात. फाल्गुनात गोणपाट गुंडाळून ठेवा, पडदे पूर्ण वर घ्या, छतावर ५० टक्क्यांचे शेडनेट टाका. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने ऊन बाहेर ठेवण्याचीच धडपड असते, म्हणून बाजू उघडता येणार नाहीत असा सांगाडा बांधूच नका. मे महिन्यात जागा रिकामी करा, शेडनेट काढा, वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरा. मातीतली बरीच बुरशी आणि तणाचे बी त्या तापाने मरते.

खरा पैसा पावसाळ्यात. उघड्यावरची कोथिंबीर झडीने सडते तेव्हा याच छपराखाली, फूटभर उंच गादीवाफ्यांवर ती उभी राहते. बाजूंना कीटकरोधक जाळी लावा, भोवती चर काढा. छपराचे पाणी पन्हळीने ड्रमांत घ्या, म्हणजे कार्तिकात ते भरलेलेच असतील. झाकणे मात्र घट्ट लावा, डास होतात.