अंथरुणाशेजारची उपासना

अगं, रविवारी चर्चला येता येत नाही म्हणून तू किती कुढतेस, ते मला दिसतं. सासूबाईंना एकटं टाकून निघायचं कसं? रात्री शास्त्र उघडलं की दोन ओव्यांतच डोळा लागतो. मग तुला वाटायला लागतं, आपला विश्वास आटत चाललाय. तसं काही झालेलं नाही, हे आधी मनात पक्कं धर.

मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय पुन्हा वाच. प्रभू सभास्थानातून निघतो तो थेट शिमोन पेत्राच्या घरी जातो. तिथे पेत्राची सासू तापाने पडलेली असते. तो तिचा हात धरतो आणि तिला उठवतो. पुढे सातव्या अध्यायात, ‘हे देवाला वाहिलं’ असं सांगून आईबापांची जबाबदारी झटकणाऱ्यांना तो चांगलंच सुनावतो. मग सासूबाईंचं अंग पुसण्यात, त्यांना चमच्याचमच्याने पेज भरवण्यात गेलेला वेळ देवाच्या वाट्यातून काढून घेतला, असं कशाला मानतेस? तो त्याच्याच खाती जमा आहे.

भेटायला येणारे काहीबाही बोलतील. ‘विश्वास पुरेसा असता तर त्या उठून बसल्या असत्या,’ असंही कुणी म्हणेल. ते मनावर घेऊ नकोस. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. त्याला कृपा मिळाली, आराम नाही. ईयोबाचे मित्रसुद्धा सात दिवस गप्प बसून होते तोवर त्याच्या उपयोगाचे होते. बोलायला लागले आणि बिघडलं. तूही कुणाच्या घरी आजारपणात जाशील तेव्हा उपदेश करू नकोस. डबा ने, नाहीतर तासभर बस आणि तिथल्या बाईला आंघोळीला सोड.

औषधाला कमी लेखणाऱ्यांचंही ऐकू नकोस. लूक स्वतः वैद्य होता. वेंगुर्लं आपल्याच जिल्ह्यात होतं तेव्हा मिशनने तिथे उभारलेल्या हॉस्पिटलला त्याचंच नाव दिलं. घाटावर मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला, तोही प्रभूचंच काम म्हणून. बीपीची गोळी वेळेवर देणं ही विश्वासाचीच कृती आहे.

आता सासूबाईंच्या बाजूने बघ. पेत्राला प्रभूने सांगितलं होतं, की म्हातारपणी दुसराच तुझी कंबर बांधील. सगळं आयुष्य दुसऱ्यांना वाढण्यात गेलेल्या बाईला हे किती जड जात असेल! म्हणून कपडे बदलताना आधी विचार, दार लोटून घे. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नकोस. जमेल तेवढं काम त्यांच्या हाती राहू दे: लसूण सोलणं, नातवासाठी प्रार्थना करणं. आपल्याच जिल्ह्यात करजगावला जन्मलेल्या रेव्हरंड टिळकांची गीतं त्यांच्यापाशी गुणगुण. आजचा वार विसरणाऱ्या माणसालाही लहानपणची चाल आठवते.

आणि त्या टिळकांच्या लक्ष्मीबाईंना विसरू नकोस. १८९५ मध्ये नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या लगेच त्याच्यामागे गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, पुढे पुन्हा संसार मांडला, आणि काही वर्षांनी स्वतःला पटल्यावरच ख्रिस्ताला स्वीकारलं. शाळा न पाहिलेल्या या बाईने साठी ओलांडल्यावर ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध केलं, आणि १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ही पुढे नेलं. श्रद्धेला असा वेळ लागतो, आणि तो संसाराच्या रगाड्यातच जातो. म्हातारपणही रिकामं नसतं.

आता तुझ्याबद्दल. एलीया थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं. मग भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं त्यानंतरचं. तू मात्र उभ्याउभ्या चहा पितेस आणि यालाच वधस्तंभ वाहणं म्हणतेस. नको गं! खुद्द प्रभूने वधस्तंभावरून आपली आई एका शिष्याच्या हाती सोपवली. काळजी वाटून घ्यायची असते, हे त्यानेच दाखवलं.

तेव्हा मुंबईच्या दिराला स्पष्ट सांग, की महिन्यातले काही दिवस येऊन राहा. पैसे पाठवून भागणार नाही. पाळकसाहेबांना प्रभुभोजन घरी आणायला सांग, ते येतील. मंडळीतल्या बायकांना आळीपाळीने बसायला बोलाव. येत्या बुधवारची दुपार माझी. त्या वेळात घरकाम काढू नकोस. जेव आणि झोप. देवाला तू सुद्धा हवी आहेस.