आवाजाची पाकिटे आणि रांग

कार्यालयातील नव्या दूरध्वनीची तार कोठे जाते, ते एकदा निरखून पाहा. पूर्वी ती भिंतीतून दूरध्वनी केंद्राकडे जात असे. आता पुष्कळ ठिकाणी ती संगणकांच्याच जाळ्याला जोडलेली असते आणि संभाषण इंटरनेटवरून चालते. आमच्या महाविद्यालयातही असे दूरध्वनी आले. पण प्रवेशअर्जांच्या दिवसांत बोलणाऱ्याचा आवाज मध्येच तुटू लागला. “वेग कमी पडतो,” असे सर्वांचेच मत पडले. ते बरोबर होते का?

थोडे गणित करू. बोलणे समजण्यास 300 ते 3400 हर्ट्झ एवढी कंपने पुरतात. सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा नमुने घेतले, तर मूळ लहर पुन्हा उभी करता येते. म्हणून सेकंदाला 8000 नमुने घेतात. प्रत्येक नमुन्यास 8 बिट, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट झाले. 20 मिलिसेकंदांचे नमुने एका पाकिटात भरले, तर त्यात किती बाइट मावतील? स्वतः काढून पाहा. उत्तर 160 यायला हवे. पत्ता, क्रमांक वगैरे मजकुराचे आणखी 40 बाइट. पत्राच्या चौथाई वजनाचा लिफाफाच म्हणा ना! अशी 50 पाकिटे दर सेकंदाला निघतात. एकूण 80,000 बिट. आजच्या तारांच्या मानाने हे काहीच नाही.

मग आवाज तुटतो कशाने? जुन्या पद्धतीत संभाषण संपेपर्यंत दोघांसाठी एक वाट राखून ठेवलेली असे. येथे आवाजाची पाकिटे इतर पाकिटांबरोबर रांगेत उभी राहतात. एक 30 मिलिसेकंदांत पोहोचते, तर दुसऱ्याला 70 लागतात. एखादे हरवतेही. फाइलमधील पाकीट हरवले तर ते पुन्हा मागवतात. आवाजाचे सहसा मागवत नाहीत, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. 20 मिलिसेकंदांची एखादी फट आधीच्या आवाजाने बुजवली, तर कानाला बहुधा कळतही नाही. उशिरा आलेले पाकीट मात्र हरवल्यासारखेच; ते फेकूनच द्यावे लागते.

यावर उपाय म्हणून ऐकणाऱ्याचे यंत्र पाकिटे थोडी थोपवून धरते व ठरलेल्या तालावर एकेक सोडते. वरील उदाहरणात पहिले पाकीट 40 मिलिसेकंद थोपवले, की दुसरेही वेळेत सापडते. पण फार थोपवून चालत नाही. एका बाजूचा विलंब साधारण 150 मिलिसेकंदांच्या फार पुढे गेला, की उत्तर येत नाही असे वाटून दोघेही एकदम बोलू लागतात.

आता समजा, बाहेर जाणाऱ्या तारेचा वेग सेकंदाला 20 लाख बिट आहे आणि अर्जांच्या फायलींमुळे तिच्या तोंडाशी 1 लाख बाइटांची रांग लागली आहे. 8 लाख बिट भागिले 20 लाख, म्हणजे 0.4 सेकंद थांबणे आले. वेग दुप्पट केला तरी तेवढीच रांग 0.2 सेकंद घेईल. आणि फायली पाठवणारे संगणक वाढीव वेगही हां हां म्हणता भरून टाकतात.

आमच्याकडेही अधिक वेगाची जोडणी घेऊन पाहिली होती. शेवटी तंत्रज्ञाने तारेच्या तोंडाशी असलेल्या राउटरमध्ये एवढेच ठरवून दिले, की आवाजाचे पाकीट आले तर ते रांगेच्या पुढे सोडावे. फायली क्षणभर थांबतात, पण त्यांचे काही बिघडत नाही. कार्यालयाबाहेर, इंटरनेटच्या मोठ्या वाटेवर, मात्र हा मान मिळेलच असे नाही.