तीनशे अठरा माणसे आणि एक नाव



लेख-लेखा या पाराशात आब्राहाम आवीनूची लढाई येते. तेव्हा त्याचे नाव अब्राम होते. चार राजांनी सदोम लुटले, पुतण्या लोट कैद होऊन गेला, ही खबर निसटून आलेल्या एका माणसाने आणली. अब्रामने आपल्या घरात जन्मलेली, तयार केलेली ३१८ माणसे घेतली आणि दानपर्यंत पाठलाग केला (उत्पत्ती १४:१४). गोष्ट सरळ आहे. पण वाचणारा त्या आकड्यापाशी अडखळतो. तीनशे म्हटले असते तर काय बिघडले असते? वरचे अठरा कशाला?

या अठरांनी पुष्कळांना विचारात पाडले. आपल्या हाखामीमांनी एक उत्तर दिले, ख्रिस्ती गुरूंनी दुसरे. ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर शास्त्रातील गुप्त अर्थ म्हणजे काय आणि तो कुठवर मानावा, हे बरेचसे कळते. म्हणून आज हाच एक आकडा घेऊ.

आधी आपले उत्तर. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असते. आता पुढच्याच अध्यायात अब्रामचा कारभारी येतो, दमास्कसचा एलिएझेर. त्याच्या नावाची अक्षरे मोजू: आलेफ १, लामेद ३०, योद १०, आयिन ७०, झायिन ७, रेश २००. बेरीज ३१८. तालमूदात, नेदारीम या भागात (पान ३२), हे गणित आहे आणि राशीनेही आपल्या टीकेत ते घेतले आहे. ३१८ माणसे नव्हतीच, एकटा एलिएझेर बरोबर होता, असा अर्थ. एलिएझेर म्हणजे 'माझा देव साहाय्य'. चार राजांच्या फौजेपुढे एक इमानी नोकर आणि देवाचे साहाय्य! कीर्तनकाराच्या हाती हा प्रसंग दिला तर तो रात्र रंगवील.

दुसरे उत्तर बर्णबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक पत्रात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या पूर्वार्धात ते लिहिले गेले. आजच्या नव्या करारात ते नाही, परंतु चौथ्या शतकातील प्रसिद्ध सिनाय हस्तलिखितात ते नव्या कराराच्या पुस्तकांमागे जोडलेले आहे. ग्रीक अक्षरांनाही किंमत असते. ताऊ ३००, इयोता १०, एता ८. इयोता व एता ही येशूच्या ग्रीक नावाची पहिली दोन अक्षरे, आणि ताऊचा आकार क्रुसासारखा. तेव्हा अब्राहामाला येशू व क्रूस आधीच दिसले होते, असे हा लेखक सांगतो. त्याला आपला हा शोध फार प्रिय होता, इतका की याहून खरी शिकवण आपण कोणाला दिली नाही, असा त्याचा भाव आहे. पुढे ३२५ साली नायसियात भरलेल्या धर्मपरिषदेतील बिशपांची संख्याही परंपरेने ३१८ च ठरली. एकदा आकडा पवित्र झाला की तो असा फिरतो.

आता पारख करू. बर्णबाच्या पत्रात म्हटले आहे की अब्राहामाने ३१८ माणसांची सुंता केली. तोरा उघडून पाहावी. सुंतेची हकिकत सतराव्या अध्यायात आहे आणि तेथे माणसांचा आकडाच नाही. ३१८ हा आकडा लढाईचा. दोन ठिकाणचे धागे एकत्र विणले गेले आहेत. शिवाय तोरेत हा आकडा हिब्रू शब्दांत लिहिला आहे. ताऊ, इयोता, एता ही अक्षरे मुळात कुठेच नाहीत. आकडा ग्रीक अक्षरांत मांडला तेव्हाच ती दिसू लागली. भाषांतराच्या कपड्यावरचे नक्षीकाम अंगावरचे गोंदण म्हणून कसे दाखवावे?

पण एवढ्यावर आपण मिशांना पीळ देऊ नये. बाराव्या शतकातील आपलाच थोर टीकाकार इब्न एझ्रा याने याच वचनावर लिहिताना एलिएझेरचे गणितही बाजूला ठेवले आहे. ते दराश आहे, वचनाचा सरळ अर्थ नव्हे, असे तो म्हणतो. शास्त्र गेमात्रियात बोलत नाही, कारण तसे मानले तर ज्याला वाटेल तो कोणत्याही नावातून बरे किंवा वाईट काढू शकेल. पिर्के आवोतमध्येही गेमात्रियांना ज्ञानाच्या ताटातील तोंडीलावण्याची जागा दिली आहे. चटणी-लोणच्याने जेवणाला चव येते, पोट भरते ते भाकरीने. आमच्या मते एलिएझेरचा अर्थ सुंदर आहे, त्यातून भक्ती शिकावी, पण त्यावर वाद जिंकू पाहू नये.

मग शास्त्रात गुप्त असे काहीच नाही काय? आहे, आणि ते शास्त्र स्वतःच दाखवते. यिर्मयाच्या पुस्तकात 'शेशख'चा राजा येतो (२५:२६). मराठी बायबलात हे नाव वाचून आपण पुढे जातो. हिब्रूत मात्र पहिल्या अक्षराऐवजी शेवटचे, दुसऱ्याऐवजी शेवटून दुसरे, अशी अदलाबदल करण्याची रीत आहे. तिला अतबश म्हणतात. बेथ, बेथ, लामेद म्हणजे बाबेल. त्यांची अदलाबदल केली की शीन, शीन, काफ, म्हणजे शेशख. पुढे ५१:४१ मध्ये शेशख आणि बाबेल ही दोन्ही नावे एकाच वचनात आहेत. कुलूप व किल्ली एकाच खुंटीला.

ख्रिस्ती शास्त्रातही असे ठिकाण आहे. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात ६६६ हा आकडा देऊन, ज्याला अक्कल आहे त्याने हिशेब करावा, असे लेखक उघड सुचवतो. पुष्कळ पंडितांच्या मते तो रोमचा बादशहा नेरो, ज्याच्या अमलात ६६ साली यहुदियात बंड उठले. 'नेरोन केसार' हिब्रूत लिहिले तर नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००: बरोबर ६६६. काही जुन्या प्रतींत ६१६ आहे. नेरोनचा शेवटचा नून गाळला की तोही जुळतो. ग्रीक पुस्तकाला हिब्रू किल्ली लागते ती अशी.

हे सर्व आम्ही का लिहीत आहोत? कधी कोणी मराठी पत्रक हाती देतो, तोरेत अमुक गुप्त आहे म्हणून सांगतो. कधी आपल्यातलाच कोणी गेमात्रियावरून लॉटरीचा आकडा काढतो. १९९४ साली तर येथील विद्वानांनी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात लेख लिहून, उत्पत्तीतील अक्षरे ठराविक अंतराने घेतली की पुढच्या काळातील रब्बींची नावे व तारखा जवळ जवळ सापडतात, असे मांडले. १९९९ साली त्याच नियतकालिकात इतर गणितज्ञांनी ते खोडून काढले. आपल्या वडीलधाऱ्यांनी शास्त्र मराठीतून वाचले. मराठीत अक्षरांच्या किमती उरत नाहीत, म्हणून दुसरा सांगेल त्यावर विसंबावे लागे. गंमत अशी की १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापून आपल्या लोकांच्या हाती देणारे जॉन विल्सन मिशनरीच होते. त्यांचा हेतू काही असो, पडताळा पाहण्याचे साधन त्यामुळे आपल्या घरात आले. आता तर नातवंडे हिब्रू घडाघडा वाचतात. त्यांना शेजारी बसवावे. अक्षरे त्यांनी वाचावी, गोष्ट आजी-आजोबांनी सांगावी.

पुढील धड्यासाठी वायेत्से पाराशा घ्यावा. याकोबाच्या शिडीला हिब्रूत 'सुलाम' म्हणतात: सामेख, लामेद, मेम. सिनाय: सामेख, योद, नून, योद. दोन्हींची बेरीज स्वतः करून पाहावी. मेम ४० आहे, बाकीच्या किमती वर आल्याच आहेत. मग योहानाच्या शुभवर्तमानातील १:५१ वाचावे. तेथेही दूत चढतात-उतरतात, पण शिडीच्या जागी मनुष्याचा पुत्र आहे. आणि उत्पत्ती २८:१२ मधील 'बो' हा शब्द नातवंडांकडून वाचून घ्यावा. सुलाम पुल्लिंगी आणि याकोबही पुरुष, म्हणून दूत शिडीवर चढत होते की याकोबावर, असा वाद आपल्या हाखामीमांतही बेरेशीथ राब्बात झालेला आहे. मराठीत शिडी स्त्रीलिंगी. 'तिच्यावरून' म्हटले की हा प्रश्नच दिसेनासा होतो.